पू नव्हता म्हणून

आषाढात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून पाच वर्षांचा मुलगा आला. रक्ताचा कर्करोग, केमोचा तिसरा आठवडा, स्टेरॉइड चालू. डाव्या हाताच्या पाठीवर, सलाइनच्या चिकटपट्टीखाली, रुपयाएवढा काळा डाग. आधीच्या ठिकाणी ‘पू धरला नाही, थांबू’ म्हणत दीड दिवस घालवला होता. पू होतो पांढऱ्या पेशींचा. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, मायक्रोलिटरला जेमतेम 80 असताना तो येणार कुठून? याचा मला अजून राग येतो.

हाताला आधार म्हणून जीभ दाबायची लाकडी पट्टी बांधलेली, दमट झालेली. अशा पट्ट्यांवरून बुरशीची लागण झाल्याच्या नोंदी आहेत. या मुलांना ती लावूच नये.

वरवरचा स्वॅब घेतला नाही, कडेचा तुकडा काढला. अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा सलाइनमध्ये, आणि लॅबला फोन: वाटू नका, फक्त चिरा. वाटलं की म्यूकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, तंतू फुटतात, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही. स्लाइडवर रुंद, फितीसारखे, पडदे नसलेले तंतू दिसले. म्यूकरच.

लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध लगेच सुरू केलं, किलोला 5 मिलिग्रॅम. वजन 18 किलो, म्हणजे 90. ते 5 टक्के डेक्स्ट्रोजमधूनच द्यायचं, सलाइनमध्ये साका धरतो. पण ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. मेलेल्या भागात औषध पोचतच नाही, म्हणून सुरी.

प्लेटलेट 50,000 वर नेल्या. टुर्निके, म्हणजे रक्त अडवणारा पट्टा, लावला नाही, कारण काय जिवंत आणि काय मेलेलं ते रक्तावरूनच कळतं. चरबी भिजल्या कागदासारखी करडी. लाल ठिपके फुटेपर्यंत कापत गेलो. अंगठा सरळ करणाऱ्या टेंडनवरचं, म्हणजे स्नायूच्या दोरीवरचं, पातळ आवरण मात्र निस्तेज होतं. रक्त येत होतं, पण सावकाश. ते काढलं तर उघड्या टेंडनवर त्वचारोपण धरत नाही. ठेवलं.

36 तासांनी पुन्हा उघडलं तेव्हा ते काळं पडलं होतं. टेंडनसकट काढावं लागलं. तिसऱ्या वेळी जखम स्वच्छ निघाली. पांढऱ्या पेशी वाढल्यावर मांडीची कातडी लावली, ती धरली.

हात वाचला, अंगठा मात्र सरळ होत नाही. आईने विचारलं, “डॉक्टर, पहिल्याच रात्री सगळं काढलं असतं तर?” तेव्हा काढलं असतं तरी टेंडन उघडा पडून वाळला असता, असं तिला सांगितलं. ते खरं आहे. पण त्या सावकाश येणाऱ्या रक्तावर मी विश्वास ठेवला, हेही खरं. आता अशी कड दिसली की टेबलावरूनच तुकडा फ्रोझन सेक्शनला, म्हणजे गोठवून लगेच केलेल्या तपासणीला, पाठवतो आणि निरोप येईपर्यंत जखम उघडी ठेवतो.