टार्गेट नंतर, आधी त्यामागची जाळी

अंगणात तिरंदाजीचा सराव सुरू करायचा म्हटलं की पहिली खरेदी टार्गेटची होते. खरं तर टार्गेटला लागलेल्या बाणाची काळजी नसतेच. सगळी तजवीज करायची ती चुकलेल्या बाणासाठी. खेचायला ३० पौंडांचा जोर लागणाऱ्या साध्या रिकर्व्हचा (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचा) बाणही वर सुटला तर १०० मीटरच्या पुढे जातो. त्यामुळे बॅकस्टॉपच्या, म्हणजे टार्गेटमागच्या जाळीच्या, मागे पायवाट किंवा दुसऱ्याचं अंगण असेल, तर जागाच बदला. झुडपांच्या कुंपणाला अडथळा समजू नका.

उंचीचा हिशेब सोपा आहे. १० मीटरवरून हात ५ अंश वर गेला, तर बाण जवळपास ९० सें.मी. वर लागतो. टार्गेटचा मध्य १३० सें.मी.वर धरला, तर २.५ मीटर उंचीची जाळी साधारण ७ अंशांपर्यंतची चूक झेलते. तीच जाळी ५ मीटरवर जवळजवळ दुप्पट चूक झेलते. म्हणून नवख्यांनी जवळूनच मारावं, त्यात कमीपणा काही नाही. धनुष्य वर रोखून खेचायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडा. दोरी हातून निसटली तर बाण जाळीवरून जातो.

जाळी तिरंदाजीसाठी म्हणून मिळते तीच घ्या, आणि ती ताणून बांधू नका. जाळी बाणाबरोबर मागे सरकते, म्हणून तो थांबतो. ताणलेली असली की टोक आरपार जातं. वरची तार घट्ट, जाळी सैल. ३ मीटर रुंदीला ४ मीटर जाळी लावा, खाली ३०-४० सें.मी. जमिनीवर लोळू द्या आणि मागे भिंतीपर्यंत किमान १ मीटर मोकळं ठेवा. ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणांची धारदार पात्यांची टोकं) इथे चालणार नाहीत, ते जाळी कापतात. प्लायवूड तर नकोच: त्यावरून बाण उसळून परत येतो, आणि रुतलाच तर टोक आतच राहतं.

टार्गेट घरी करता येतं. २० मि.मी. जाडीच्या पॉलिइथिलीन फोमच्या ६० × ३० सें.मी.च्या ३४ पट्ट्या आडव्या एकावर एक रचा. वर-खाली ७५ सें.मी. लांबीच्या जाड फळ्या, आणि फोमच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन असे १२ मि.मी.चे चार थ्रेडेड रॉड (आटे पाडलेल्या लोखंडी सळया). मोठे वॉशर घालून नट आवळा, थर दबून उंची ६० सें.मी.वर येईपर्यंत. उघड्या रॉडवर रबरी नळी चढवा. बाण पट्ट्यांच्या कडांवर लागला पाहिजे. तो दोन थरांमध्ये घुसतो आणि घर्षणाने थांबतो. शीट उभी लावून तिच्या सपाट बाजूवर मारलं, तर प्रत्येक बाण भोक पाडतो. मध्य सैल पडला, टोक मागून डोकावू लागलं, की नट अजून आवळा. तेवढ्याने भागलं नाही तर मधल्या पट्ट्या कडेला आणि कडेच्या मध्ये. उन्हात फोम आणि जाळी दोन्ही ठिसूळ होतात, सराव संपला की झाका. स्टँड मागून जमिनीला बांधा, वाऱ्याने आडवं झालेलं टार्गेट बाणांसकट मोडतं.

बाण काढताना मागे कुणी उभं नको. नॉक (बाणाचं दोरीत अडकणारं मागचं टोक) थेट डोळ्याच्या उंचीवर येतो. एक तळहात टार्गेटवर, दुसऱ्या हाताने बाण फोमलगत धरून सरळ ओढा. फोम वितळून चिकटत असेल तर दांड्याला साबण चोळा. कार्बनचा बाण कठीण गोष्टीवर आपटला असेल तर चेहऱ्यापासून दूर धरून हलकेच वाकवा. कडकड ऐकू आली तर तो लगेच मोडून टाका.

खाली गेलेला बाण गवताच्या मुळांत सरपटत शिरतो आणि वरून दिसत नाही. बाण मोजूनच घरात जा, नाहीतर तो गवत कापायच्या यंत्राला सापडतो.