दोन लिटरच्या गाईपायी

"दोन लिटर दुधासाठी एवढा खटाटोप कशाला? चांगली जर्सी घे की!" डेअरीच्या रांगेत विचारतात, पंगतीत विचारतात, परवा मेहुण्यानेही विचारलं. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

परवडत नाही. माझी गाय श्वेतकपिला, म्हणजे आमच्या गोव्याची गावठी पांढरी जात; तिचं दूध दिवसाला सरासरी २.८ किलो, तेही पोटभर चारा मिळाला तर. पूर्वी मी छाती ठोकून सांगायचो, खर्चच नाही, डोंगरावर चरते, पेंडीचं बिल नाही. त्यात माझी मजुरी कधी धरलीच नव्हती. तरी गाय विकणार नाही, हेही ऐकून ठेवा.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत, म्हणजे देशातल्या गुरांच्या जाती नोंदवणाऱ्या संस्थेत, या जातीची नोंद झाली, पेपरात फोटो आले: नाकापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यासुद्धा पांढऱ्या. छान झालं. पण वळू कुठाय? पॉवर टिलर आले, जोत गेलं, आणि पाडा जन्मला की घरात सुतक.

माझ्याकडे होता एक, धवळ्या. पेडण्यात पावसाळ्याच्या रात्री गुरं डांबरी रस्त्यावर बसतात. तिथे कोरडं असतं, माश्या कमी. पण धवळ्या बसायला गेला नव्हता. पलीकडच्या वाड्यावर गाय माजावर आली होती, त्याने दावं तोडलं. पहाटे हाक आली. हायवेच्या कडेला पडला होता, मागचे दोन्ही पाय मोडलेले, मान मात्र ताठ. भाड्याची गाडी घेऊन आलेला पर्यटक माझ्यावरच ओरडत होता, बंपर कोण भरून देणार? मी खाली बसलो तर धवळ्याने रोजच्यासारखी मिठासाठी जीभ काढून माझा तळहात चाटला. हातावर मीठ नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं, मान हलवली, इंजेक्शन भरलं. बंपरचे पैसे मी दिले. का दिले, विचारू नका. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

"बांधून का नाही ठेवलास?" हेही विचारून झालंय. बांधलेलाच होता हो!

आता गाय माजावर आली की रेतनासाठी फोन करायचा. याच जातीच्या वळूची कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, दर वेळी मिळतेच असं नाही. नसली की बायको म्हणते, जर्सीची भरून घे, निदान गाभण तरी राहील. तिचं चूक नाही. मी २१ दिवस थांबतो, पुढच्या माजापर्यंत. त्यात कधी महिने जातात, तेवढं दूधही जातं.

गेल्या थंडीत गौरी व्याली. पाडा झाला, पापण्यांसकट पांढरा. ठेवायचा की खच्ची करायचा, यावरून घरात अजून वाद चालू आहे.