प्रगतीची नोंद: दोन परिपथ, एकच छेद

मागील नोंदीत एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांचा साधा लो-पास फिल्टर (कमी वारंवारता जाऊ देणारा, जास्त अडवणारा परिपथ) सोडवून झाला होता. या खेपेस तसेच दोन टप्पे एकापुढे एक जोडून होणारी शिडी सोडवली आणि ती ब्रेडबोर्डवर मोजूनही पाहिली. त्या गणिताच्या उत्तरात येणाऱ्या अपूर्णांकाच्या छेदाविषयीची जी गोष्ट हाती लागली, ती मला या विषयातील सर्वांत सुंदर बाब वाटते, आणि ही नोंद मुख्यतः तिच्यासाठीच आहे.

पद्धतीची उजळणी थोडक्यात करते. रेझिस्टरचा इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) आर, इंडक्टरचा एसएल आणि कपॅसिटरचा १ भागिले एससी धरला (एस म्हणजे संमिश्र वारंवारता), आणि सुरुवातीला कुठेही ऊर्जा साठलेली नाही असे मानले, की विकलक समीकरणे मांडावी लागत नाहीत. ओहमचा नियम, एकसर व समांतर जोडणीची सूत्रे आणि व्होल्टेज डिव्हायडर एवढ्यावर सगळे काम भागते. १८९३ मध्ये केनेली आणि स्टाइनमेट्झ यांनी संमिश्र संख्यांची ही रीत विद्युत अभियंत्यांपुढे मांडली. शेवटी एसच्या जागी जे-ओमेगा ठेवला (जे म्हणजे उणे १ चे वर्गमूळ, ओमेगा म्हणजे २ पाय गुणिले वारंवारता), की त्या वारंवारतेला आउटपुट किती उरते आणि फेज, म्हणजे तरंगाची आवर्तनातील जागा, किती सरकते, ही दोन्ही उत्तरे एकाच संमिश्र संख्येतून मिळतात.

दोन्ही टप्प्यांत १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड घेतले आहेत, म्हणजे आरसी ०.०००१ सेकंद आणि त्याची वारंवारता (१ भागिले २ पाय आरसी) सुमारे १५९२ हर्ट्झ. एस, आर आणि सी यांचा गुणाकार सतत येत असल्याने त्याला पुढे ‘प’ म्हणते. ‘प’ला एकक नसते, त्यामुळे उत्तरात आर किंवा सी सुटा राहिला, तर मांडणी तिथेच तपासावी.

शिडी सोडवताना मला आउटपुटकडून इनपुटकडे येणे सर्वांत सोयीचे वाटते. शेवटच्या कपॅसिटरवर १ व्होल्ट आहे असे धरा. त्यातून प/आर इतका प्रवाह वाहतो. तोच आधीच्या रेझिस्टरमधून येत असल्याने त्या रेझिस्टरवर ‘प’ व्होल्ट पडतात, म्हणून मधल्या बिंदूवर १ + प व्होल्ट असतात. मधल्या कपॅसिटरचा प्रवाह (प + प²)/आर. तो आधीच्या प्रवाहात मिळवला की पहिल्या रेझिस्टरमधून एकूण (२प + प²)/आर प्रवाह जातो, आणि इनपुटला १ + ३प + प² व्होल्ट लागतात. म्हणून ट्रान्सफर फंक्शन, म्हणजे आउटपुट भागिले इनपुट, १ ÷ (१ + ३प + प²). समांतर जोडणीचे अपूर्णांक या वाटेने कुठेच येत नाहीत.

दोन स्वतंत्र फिल्टरांचा नुसता गुणाकार केला असता, तर छेद १ + २प + प² आला असता. मधल्या पदातील जास्तीचा ‘प’ हा दुसऱ्या टप्प्याने पहिल्यावर टाकलेला भार आहे. १५९२ हर्ट्झला ‘प’ची किंमत जे होते, १ आणि प² एकमेकांना खोडतात, आणि छेदात फक्त ३जे उरतो: आउटपुट इनपुटच्या एक तृतीयांश, फेज उणे ९० अंश. गुणाकाराच्या सूत्राने आउटपुट निम्मे आले असते, पण फेज तीच, उणे ९० अंश. म्हणजे या वारंवारतेला केवळ फेज मोजून दोन सूत्रांपैकी कोणते खरे हे ठरवता येणार नाही. व्होल्टेज मोजलेच पाहिजे. ऑसिलोस्कोपवर इनपुट ३ व्होल्ट पीक-टू-पीक ठेवले असता आउटपुट १.०२ व्होल्ट दिसले, आणि दोन तरंगांतील अंतर पाव आवर्तनाचे, म्हणजे साधारण १५७ मायक्रोसेकंदांचे होते. कपॅसिटरांची सहनसीमा ५ टक्के असल्याने हा मेळ मला पुरेसा वाटतो. भार कमी करायचा असल्यास दुसऱ्या टप्प्यात १०० किलोओहम आणि १ नॅनोफॅरड घ्यावेत. मग मधले पद २.१प होते.

आता मुख्य गोष्ट. यानंतर ऑसिलेटरमध्ये (स्वतःच तरंग निर्माण करणाऱ्या परिपथात) वापरल्या जाणाऱ्या वीन ब्रिजची वारंवारता ठरवणारी शाखा सोडवायला घेतली: वरच्या बाजूस आर आणि सी एकसर, खालच्या बाजूस आर आणि सी समांतर, आणि आउटपुट मधल्या सांध्यावरून. व्होल्टेज डिव्हायडर मांडून आवरल्यावर उत्तर येते प ÷ (१ + ३प + प²). छेद अक्षरशः शिडीचाच! हा योगायोग नाही. दोन्ही परिपथांतील व्होल्टेज स्रोत काढून त्या जागी तार जोडा. शिडीच्या मधल्या बिंदूपासून जमिनीकडे एक आर, एक सी आणि आर-सीची एक एकसर शाखा जाते, आणि वीनच्या मधल्या सांध्यापासूनही नेमके हेच तीन मार्ग निघतात. स्रोत गप्प झाला की दोन्ही परिपथ एकच आहेत, म्हणून त्यांचे पोलही, म्हणजे छेद शून्य करणाऱ्या ‘प’च्या किमतीही, एकच. स्रोत कुठे जोडला आणि आउटपुट कुठून घेतले, हे सर्व अंशात उतरते. शिडीचेच आउटपुट मधल्या बिंदूवरून घेतले तर अंश १ + प होतो, छेद तसाच राहतो.

हे उमगल्यापासून नवा परिपथ पुढ्यात आला की मी आधी स्रोत काढून उरलेला सांगाडा रेखाटते, आणि तो ओळखीचा निघाला तर छेद पुन्हा काढतच नाही. वीनच्या शाखेत १५९२ हर्ट्झला अंश जे आणि छेद ३जे असल्याने उत्तर नेमके एक तृतीयांश आणि फेज शून्य येते. ऑसिलेटरच्या प्रवर्धकाला ३ पट प्रवर्धन का लागते, हे याच ओळीत दिसते.

आउटपुटकडून येण्याची तीच रीत एक पायरी पुढे नेली, की तीन टप्प्यांच्या शिडीचा छेद १ + ६प + ५प² + प³ मिळतो. पडताळ्यासाठी ‘प’च्या जागी १ ठेवावा: एक, दोन आणि तीन टप्प्यांचे छेद अनुक्रमे २, ५ आणि १३ येतात, म्हणजे एकाआड एक फिबोनाची संख्या. बेरजेत काही निसटले असेल तर ते इथेच उघडे पडते. या छेदातील काल्पनिक भाग वर्गमूळ ६ पट वारंवारतेला, म्हणजे सुमारे ३९०० हर्ट्झला शून्य होतो आणि वास्तव भाग उणे २९ उरतो. फेज पूर्ण १८० अंश फिरते आणि ३ व्होल्टांचे जेमतेम १०३ मिलिव्होल्ट उरतात. तिसरा टप्पा ब्रेडबोर्डवर जोडून ठेवला आहे, आणि पुढची मोजणी याच वारंवारतेला करायची आहे.