खांद्याखाली २३ ओळी

स्वेटर काउंटरवर पसरत काका म्हणाले, "माझा हात सैल आहे, टाके ढिले पडतात. आता कोणत्या नंबरच्या सुया घेऊ, तेवढं सांगा."

लोकर विकायला बसलं की हे वाक्य सारखं कानावर पडतं. पण स्वेटर उचलला आणि मनगटाला ओझं जाणवलं. टाके पाहिले तर एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे एकसारखे. सोबत वही होती, तिच्यात प्रत्येक भागाचे टाके, ओळी, कुठे घटवलं, सगळं नीट मांडलेलं. मूळ डिझाइनमध्ये ४ मिलिमीटरच्या सुया, १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि ३० ओळी असं लिहिलेलं. काकांनी आधी सँपल विणून ते जुळवलंही होतं. स्वेटर सुयांवरून उतरला तेव्हा लांबी ठरल्याप्रमाणे ६४ सेंटिमीटर भरली. धुऊन दोरीवर वाळत घातला, काही दिवस वापरला आणि आता ती ७५ झाली होती. बाह्या बोटं झाकून खाली येत होत्या.

इतक्या शिस्तीच्या माणसाला नुसत्या बारीक सुया देऊन परत पाठवायचं मला पटेना. मी टेप घेऊन ओळी मोजायला लागले. खालच्या पट्टीच्या जरा वर १० सेंटिमीटरमध्ये २९. छातीपाशी २६. खांद्याखाली २३.

"बघा, विणता विणता हात सैलच होत गेला," काका म्हणाले. शंका रास्त होती, कारण स्वेटर खालून वर विणलेला होता. मग मी टेप आडवी धरली. हात सैल झाला असता तर टाका रुंदीतही पसरला असता, म्हणजे खांद्याखाली २२पेक्षा कमी टाके भरायला हवे होते. भरले २४. टाके उभे ताणले गेले होते आणि रुंदीत आक्रसले होते. पट्टीला काहीच पेलावं लागत नाही, छातीला निम्मा स्वेटर, खांद्याला सगळा. ओळी नेमक्या त्याच क्रमाने ताणल्या होत्या.

"लेबल आहे का हो काका?" नव्हतं. सुट्या लड्या मिळाल्या होत्या. 'डीके जाडीच आहे, चालेल' असं विकणाऱ्याने सांगितलेलं. डीके म्हणजे डबल निटिंग, धाग्याची एक मध्यम जाडी. आणि जाडी खरंच तीच होती, हीच तर गंमत. गुंड्यावरचा जाडीचा नंबर ० ते ७ पर्यंत जातो, त्यात डीके ३ नंबरला. त्या नंबरावरून सुया कोणत्या ते साधारण कळतं. अंगावर चढल्यावर कापड कसं वागेल हे त्यातून कळत नाही, आणि बरेच जण तिथेच थांबतात.

काकांकडे उरलेला धागा होता. त्याचा तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर पेटवला. कागद जळल्यासारखा वास आला आणि राखाडी, मऊ राख पडली. लोकर असती तर केस जळल्याचा वास येऊन आपोआप विझली असती. तुलनेला म्हणून ॲक्रिलिकचाही एक तुकडा जाळला. तो वितळून त्याचा काळा, कडक मणी झाला. थोडक्यात, काकांचा धागा निव्वळ सुती होता आणि डिझाइन लोकरीचं.

मग १० मीटर धागा मोजून छोट्या काट्यावर टाकला. ५.९ ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमला ८५ मीटर. डिझाइनमधली लोकर ५० ग्रॅमला १२० मीटरची. मी पुढे बोलायच्या आत काकांनी वही ओढून हिशेब मांडला. स्वेटरला लागतो साधारण १२०० मीटर धागा. लोकरीचा झाला असता ५०० ग्रॅमचा, सुताचा झाला ७०० ग्रॅमच्या वर. लोकरीच्या तंतूत अंगचीच कुरळी लाट असते, ती ताण सुटला की मागे येते. सुताला अशी लवचीकता नाही. त्यातून सूत पाणी भरपूर पितं, आणि ओला स्वेटर दोरीवर!

"पण मग सँपल बरोबर कसं आलं?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. तळहाताएवढा तुकडा टेबलावर ठेवून मोजला, तर त्याला स्वतःचं वजन पेलायची वेळच येत नाही. शिवाय तो धुतलेलाही नव्हता.

एवढ्यात एक मुलगी गरम भांडी धरायला क्रोशाचे चौकोन करायचे म्हणून ॲक्रिलिकचे रंग निवडायला आली. मी तिच्यापुढे तो काळा मणी सरकवला. ती न बोलता सुती धाग्यांच्या कप्प्याकडे वळली.

"माझं सूत तिथे चालेल की," काका म्हणाले. चालेल, उत्तम चालेल. पायपुसणी, नॅपकिन, टेबलावरच्या चकत्या, जे जे लटकत नाही ते सगळं. स्वेटर तसाच ठेवायचा तर मागच्या गळ्याला आणि खांद्यांच्या शिवणीला आतून क्रोशाची साखळी घालता येते, पण तिने खांदे सावरतात, खालची लांबी नाही. बारीक सुयांनी कापड दाट झालं असतं, मात्र धागाही जास्त गेला असता आणि वजन आणखी वाढलं असतं. काकांनी वहीत 'उसवणे' असं लिहिलं.

नव्या स्वेटरसाठी त्यांनी मशीनमध्ये धुता येणारी लोकर उचलली. तिथेही मी अडवलं. ती आटू नये म्हणून तंतूंवरचे बारीक खवले रसायनाने झिजवून वर पातळ लेप देतात. खवले एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून ती आटत नाही, आणि म्हणूनच धुतल्यावर ढिली पडू शकते.

काकांनी एकच गुंडा घेतला. त्याचं वीतभर सँपल विणून धुवायचं, आडवं वाळवायचं, मग खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवायचं आणि मगच मोजायचं, असं ठरलं. त्याच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, नऊ गुंडे त्यांच्यासाठी बाजूला ठेवले. दहावा मी माझ्या मनानेच ठेवला.