न्यू जर्सीतले सॅलमँडर: पावसाळी रात्र आणि ओढ्याकाठची सकाळ

ईस्ट ब्रन्सविकमधला बीकमन रोड मार्चमधल्या काही पावसाळी रात्री गाड्यांसाठी बंद ठेवतात, तो सॅलमँडरसाठी, म्हणजे बेडकाच्या नात्यातल्या, पालीसारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या प्राण्यांसाठी. रस्त्याच्या एका बाजूच्या रानात ते जमिनीखाली हिवाळा काढतात आणि अंडी घालायला पलीकडच्या डबक्यांकडे निघतात. एडिसन-इझलिनच्या मराठी घरांना हे ठिकाण जवळचं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तारीख आधी ठरवता येत नाही. जमीन वितळलेली हवी, अंधार पडताना पाऊस हवा आणि तापमान साधारण ५ अंश सेल्सिअसच्या वर हवं. रस्ता बंद करायचा की नाही हे हवामान पाहून ठरतं, त्यामुळे पावसाचा अंदाज असला की नगरपालिकेची सूचना बघून मगच निघा. आम्ही गेलो तेव्हा दुपारपासून रिपरिप चालू होती. छत्री नकोच, टोपीचा रेनकोट घाला आणि डोक्याला बांधायची, शक्यतो लाल उजेडाची बॅटरी घ्या. पाऊल टाकण्याआधी खाली बघायचं, लहान मुलांना हे आधीच बजावून ठेवा.

ठिपकेवाला सॅलमँडर दिसला की ओळखायला अडचण येत नाही. काळंभोर ओलं अंग, १५ ते २० सेंटिमीटर लांबी, बोथट तोंड आणि पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळ्या ठिपक्यांच्या दोन वेड्यावाकड्या रांगा. नीट पाहिलं तर डोक्यावरचे ठिपके बऱ्याचदा नारिंगी असतात. घाईत बघणारा पाल म्हणेल, पण याला ना खवले, ना नख्या. हा पाय उचलतो, थांबतो, मग पुढचा पाय. गाडीपुढून पळणं त्याला जमणारच नाही, हे ती चाल पाहिल्यावर कळतं.

डबक्याकडे दिवसा पुन्हा जा. ही डबकी उन्हाळ्यात आटतात, म्हणून त्यांत मासे टिकत नाहीत आणि अंडी वाचतात. असं डबकं खणून त्याचं बारमाही तळं केलं, तर या प्राण्याचा संसारच मोडतो. तळाच्या पानांवर पांढरे बारीक ठिपके दिसले तर ते नरांनी ठेवलेले शुक्राणूंचे पुंजके. बुडालेल्या काटकीला चिकटलेला, बाहेरून घट्ट गुळगुळीत जेलीचं आवरण असलेला गोळा दिसला तर ती सॅलमँडरची अंडी. तेच बाहेरचं आवरण नसेल आणि गोळा भिजवलेल्या साबुदाण्यासारखा उंचसखल दिसत असेल, तर ती रानातल्या ‘वुड फ्रॉग’ या बेडकाची.

माझं मत विचाराल तर रात्र बघायला छान, पण ओळखायला शिकायचं असेल तर एप्रिलमधली सकाळ बरी. त्यासाठी आम्ही वायव्येला स्टोक्स स्टेट फॉरेस्टला गेलो. कुजक्या ओंडक्याखाली लालपाठ्या सॅलमँडर बहुधा सापडतोच. पाठीवर लाल पट्टा असतो. काही जण मात्र पट्ट्याविना सरसकट करडे असतात, तेव्हा पोट बघा, त्यावर काळ्या-पांढऱ्या बारीक ठिपक्यांची मिसळ असते. या कुळाला फुप्फुसं नसतात, श्वास कातडी आणि तोंडातल्या आवरणातूनच चालतो.

ओढ्यातल्या दगडाखाली दोन जण हमखास गोंधळात टाकतात. सडपातळ, पिवळसर आणि पाठीच्या दोन्ही कडांना गडद रेघ असेल तर तो दुरेघी. तपकिरी, मागचे पाय पुढच्यांपेक्षा चांगले जाड आणि डोळ्याच्या मागून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत फिकट रेघ असेल तर डस्की. हा उडी मारून निसटतो. पाऊस झाल्यावर रानवाटेवर भर दिवसा झगझगीत नारिंगी पिल्लू फिरताना दिसलं तर ते ईस्टर्न न्यूटचं जमिनीवरचं रूप, एफ्ट. त्याच्या कातडीत विष असतं, म्हणून ते असं बिनधास्त फिरतं.

सह्याद्रीत बेडूक आणि देवगांडूळ (त्यांच्याच नात्यातले बिनपायाचे प्राणी) आहेत, सॅलमँडर नाहीत. भारतात ते पाहायचे तर दार्जिलिंगसारख्या पूर्व हिमालयातल्या डोंगरांत जावं लागतं. इथे ते अंगणामागच्या रानात आहेत, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हात लावायची गरज सहसा पडत नाही. लावावाच लागला तर तळवे ओले करा. त्यावर सॅनिटायझर, लोशन किंवा डासांचं औषध असता कामा नये, ते कातडीतून थेट आत जातं. शेपटीला धरू नका, तुटते. दगड-ओंडका स्वतःकडे उचला, फोटो पटकन घ्या, प्राणी बाजूला सरकवा, ओंडका होता तसा ठेवा आणि मग त्याला कडेला सोडा, तो आपणच आत शिरतो. वरून, बाजूने डोक्याचा आणि शेपटीच्या बुडाचा, असे तीन फोटो असले की घरी ओळख पटते. घरी न्यायचा मात्र फोटोच, प्राणी नाही. दुसऱ्या डबक्यावर जाण्याआधी बूट घासून, धुऊन, वाळवून घ्या. बुरशीचे रोग चिखलातून पसरतात. आणि पँट मोज्यांत खोचा. हरणांवरच्या गोचिडी मार्च-एप्रिलमध्येही चावतात, लाइम नावाचा आजार त्यांच्यातूनच येतो. परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत नीट तपासा, मुलांचं आधी.