एका दाताचा फरक

इंदूरच्या रामबागेतले एक काका माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे कावासाकीची व्हल्कन एस, म्हणजे लांब पल्ल्याला आरामात चालवायची क्रूझर मोटरसायकल; पुतण्याकडे त्याच कंपनीची स्पोर्टी निंजा 650. गेल्या पावसाळ्यानंतर दोघं ओंकारेश्वरला जाऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, माझे पोहे संपायच्या आत, दोन्ही गाड्या छावणीतल्या गॅरेजसमोर उभ्या.

"दादा, माझं इंजिन बसलंय," पुतण्या म्हणाला. "येताना भेरूघाटात ट्रकच्या मागून निघायला गेलो, तर गाडी नुसती गुरगुरली. आणि काका माझ्या शेजारून गेले. गियरसुद्धा न पाडता!"

काका काही बोलले नाहीत, पण मिशीत हसत होते.

मुलाला खरं खटकत होतं ते वेगळंच. दोन्ही गाड्यांचं इंजिन मुळात एकच, 649 सीसीचं, दोन सिलिंडरचं. कागदावर निंजाची ताकद 68 पीएस, व्हल्कनची 61. टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, 64 न्यूटन मीटर विरुद्ध 62.4. वर काकांची गाडी जवळजवळ चाळीस किलोंनी जड. मग घाटात हरायचं कसं?

मी कॉम्प्रेशन तपासलं. ठीक. प्लग, एअर फिल्टर, क्लचची मोकळीक, ब्रेक अडकून चाक धरतंय का, सगळं पाहिलं. दुपार झाली. गाडीत खोट नाही असं सांगून पाठवायच्या बेतात होतो. (तसं सांगितलं की गिऱ्हाईकाला वाटतं मेकॅनिकला जमलं नाही, हे आलंच.)

चेन साफ करायला बसलो तेव्हा मागच्या ॲक्सलच्या खुणांवर नजर गेली. चेन वीस हजार किलोमीटर चाललेली. इतकी चाललेली चेन ताणते, म्हणून चाक मागे मागे सरकवावं लागतं. इथे चाक उलट पुढे होतं. स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, मोठं बसवलं असेल तर असं होतं. कव्हर काढून पुढच्या स्प्रॉकेटचे दात मोजले, दोनदा मोजले. 15 च्या जागी 16.

"हे कुणी केलं?"

पुतण्या खाली बघायला लागला. बाहेरगावी एका ठिकाणी करून घेतलं होतं. "हायवेला आरपीएम कमी राहावेत म्हणून. काकांची गाडी कशी शांत चालते..."

एक दात म्हणजे मागच्या चाकापर्यंत पोचणारा जोर सहा टक्क्यांनी कमी. पण सगळा दोष त्या दाताचा नाही. व्हल्कनमध्ये कावासाकीने तेच इंजिन क्रूझरसाठी वेगळं लावलंय. व्हॉल्व्ह उघडणारे कॅम बदलले, इंजिनासोबत फिरणारं वजनदार चाक, म्हणजे फ्लायव्हील, जड केलं. जड फ्लायव्हील जातं फिरावं तसं फिरतं: वेग घ्यायला आळशी, पण एकदा फिरलं की कमी आरपीएमलाही धक्के न देता ओढत राहतं. निंजाचं इंजिन झटकन वर चढतं, आणि त्याचा खरा जीव वरच आहे. दोन्हींचा टॉर्क मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या (आरपीएमच्या) पुढेमागेच कळसाला पोचतो, म्हणून ब्रोशर वाचून फरक कळत नाही. तो तीन हजारांवर थ्रॉटल उघडल्यावर कळतो. आणि हा पठ्ठ्या चढावर, सहाव्या गियरमध्ये, नेमका तिथेच काकांसारखा बसला होता.

15 चं स्प्रॉकेट आणि सोबत नवी चेन टाकली. संध्याकाळी त्याच्या मागे बसून सिमरोलपुढे घाट उतरलो आणि परत चढलो. चढताना त्याला सांगितलं, दोन गियर पाड आणि काटा पाच हजारांच्या खाली येऊ देऊ नकोस. पहिल्यांदा घाबरत केलं त्यानं. दुसऱ्या वळणावर तर मलाच त्याच्या जॅकेटला धरावं लागलं.

परत आलो तर काका गॅरेजात चहा पीत बसलेले. पुतण्या हेल्मेट काढत म्हणाला, "मस्त आहे, पण हात झिणझिणतायत. काका, घरापर्यंत तुमची देता?"

काकांनी किल्ली खिशात टाकली.

सोळा दातांचं ते स्प्रॉकेट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. न्यायला कुणी आलेलं नाही.