जुन्या रेडिओसाठी जुनाच स्पीकर शोधताना

आत्याच्या रत्नागिरीच्या घरातला मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ गेल्या वर्षी माझ्याकडे पुण्याला आला. संच चालू होता, डायलचा दिवा लागत होता, स्टेशनेही मिळत होती. पण आवाज इतका दबलेला आणि बसका की बातम्या ऐकायच्या तर बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावे लागे. मागची पुठ्ठ्याची झडप काढली तेव्हा कारण समोरच दिसले. मूळ स्पीकर कुणीतरी दुरुस्तीच्या वेळी काढून टाकला होता आणि त्या जागी रबरी कडेचा, मोठ्या चुंबकाचा मोटारीतला स्पीकर दोन स्क्रूंवर कसाबसा अडकवला होता. मूळ स्पीकरचे काय झाले, तो किती ओहमचा होता, याची कुठेही नोंद नव्हती. मला त्या कारागिराचा राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

मोटारीतला स्पीकर वाईट नसतो, पण तो या कामाचा नाही. या संचात शेवटचा व्हॉल्व्ह ईएल ८४ आहे आणि अशा संचातून प्रत्यक्षात तीन-चार वॉटच शक्ती बाहेर पडते. त्या काळचे स्पीकर याच मर्यादेसाठी घडवलेले असत. हलका कागदी शंकू, ज्याला दुकानात सगळे कोनच म्हणतात, त्याला कागदाचीच चुणीदार कड, आणि थोड्या शक्तीत भरपूर आवाज. आजच्या रबरी कडेच्या जड कोनाला तेवढ्याच आवाजासाठी कितीतरी जास्त शक्ती लागते. स्पीकरची संवेदनशीलता ९२ डेसिबलऐवजी ८६ असेल, तर तोच आवाज काढायला चौपट शक्ती हवी. चार वॉटच्या संचाने सोळा वॉट आणायचे कोठून?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. व्हॉल्व्हच्या संचात स्पीकर एकटा नसतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा) आणि तो अशी जोडी असते. ईएल ८४ला आपल्यापुढे सुमारे ५२०० ओहमचा भार दिसावा लागतो आणि तो भास ट्रान्सफॉर्मर स्पीकरच्या ओहमना आपल्या दोन वेटोळ्यांच्या फेऱ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने गुणून निर्माण करतो. हे गुणोत्तर काढण्यासाठी मी ट्रान्सफॉर्मर संचापासून पूर्ण सोडवला आणि त्याच्या प्राथमिक वेटोळ्याला ६.३ व्होल्टचा एसी दाब दिला. दुसऱ्या बाजूला मीटरवर ०.१५ व्होल्ट आले. म्हणजे गुणोत्तर ४२. त्याचा वर्ग १७६४, आणि त्याला ३ने गुणले की ५२९२. मूळ स्पीकर ३ ओहमचा असणार हे तिथेच पक्के झाले. ४ ओहमचा बसवला असता तर भार सात हजारांवर गेला असता, जे एक वेळ चालते. पण आज सहज मिळणारा ८ ओहमचा बसवला तर तो चौदा हजारांवर जातो आणि आवाज कोरडा, विस्कटलेला येतो. स्पीकर सोडवून संच चालू करणे तर कटाक्षाने टाळावे, कारण भार नसताना ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळतो आणि वेटोळ्यांमधले आवरण फुटू शकते.

तेव्हा हवा होता तो आठ इंची, ३ ओहमचा, कागदी कडेचा जुना स्पीकर. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, असा माल आता मिळत नाही. मी रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊ लागलो आणि बरोबर मीटर, दीड व्होल्टचा एक सेल आणि वायरचे दोन तुकडे ठेवू लागलो. जुना स्पीकर पारखायला एवढे पुरते. मीटरवर ३ ओहमच्या स्पीकरचा डीसी रोध अडीच ओहमच्या आसपास दिसतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल, म्हणजे कोनाला चिकटलेले तारेचे वेटोळे, किंवा तिच्याकडे जाणारी विणलेली लवचीक तार तुटलेली असते, त्यापैकी तार बदलता येते. सेल क्षणभर टेकवला की कोन टक करून हलला पाहिजे. आणि शेवटची परीक्षा अंगठ्यांची: दोन्ही बाजूंनी समान दाब देऊन कोन अलगद आत-बाहेर करायचा आणि कान जवळ न्यायचा. खरखर ऐकू आली तर कॉइल गॅपमध्ये, म्हणजे चुंबकातल्या अरुंद फटीत, घासते आहे.

तिसऱ्या रविवारी मिळालेल्या स्पीकरने पहिल्या दोन परीक्षा पार केल्या, तिसरीत तो नापास झाला. शिवाय कोनाला दोन बोटे लांबीची चीर होती आणि कडेला कसर लागली होती. विक्रेत्याने सांगितलेले तीनशे रुपये मी घासाघीस न करता दिले.

खरखर कुठून येते ते पाहण्यासाठी मधली फेल्टची टोपी ब्रशने अ‍ॅसिटोन लावत सैल करून काढली. गॅपमध्ये गंजाची बारीक पूड चिकटून बसली होती. ही फुंकून निघत नाही, चुंबक तिला सोडत नाही. बांबूच्या पातळ कामटीला मास्किंग टेप उलटी, चिकट बाजू बाहेर ठेवून गुंडाळली आणि कॉइलच्या बाजूने हळूहळू फिरवली; दर वेळी टेप तपकिरी होऊन यायची. पंधरा-वीस वेळा टेप बदलल्यावर ती स्वच्छ आली. चुंबक उघडून साफ करण्याचा मोह मात्र आवरावा. त्या काळचे चुंबक बहुधा अल्निको या मिश्रधातूचे असतात आणि ते आपल्या लोखंडी चौकटीतून सुटे केले की त्यांचे चुंबकत्व बरेच कमी होते, पुन्हा बसवून ते परत येत नाही.

नंतर कॉइल मध्यावर आणली. या स्पीकरचा स्पायडर, म्हणजे कॉइलला मध्यावर धरून ठेवणारा लवचीक भाग, दोन स्क्रूंनी धरलेला आहे, ते ढिले केले, जुन्या फोटोंच्या निगेटिव्हच्या चार अरुंद पट्ट्या कापून कॉइल आणि मधला खांब यांच्यामध्ये चारी दिशांना सरकवल्या आणि स्क्रू पुन्हा आवळले. पट्ट्या काढून कोन दाबला. आवाज नाही.

चीर बुजवायला पतंगाचा पातळ कागद वापरला, पांढऱ्या गोंदात पाणी घालून, मागच्या बाजूने. कागदाची कड कापायची नाही, हाताने फाडायची, म्हणजे तंतू कोनाच्या कागदात मिसळून जातात. चुणीदार कडेवर गोंद अगदी नावापुरता लावला, कारण ती ताठ झाली की खालचे स्वर हरवतात. पूर्ण कोनाला व्हार्निश फासलेले स्पीकर मी बाजारात पाहिले आहेत. दिसतात चकचकीत, पण कोन जड होतो आणि ज्या हलकेपणासाठी जुना स्पीकर घ्यायचा तोच जातो.

माझ्या एका मित्राच्या महायुद्धापूर्वीच्या संचात गोष्ट आणखी वेगळी होती. त्यातल्या स्पीकरला कायमचा चुंबक नव्हता; १५०० ओहमच्या वेटोळ्यातून संचाचाच प्रवाह जाऊन चुंबक तयार होई आणि तेच वेटोळे गुणगुण गाळायचेही काम करी. तिथे नवा स्पीकर लावताना ६० मिलिअँपिअरला ९० व्होल्ट उतरवणारा रोध, तोही दहा वॉटचा, बसवावा लागला आणि गाळणीचा कपॅसिटर वाढवावा लागला.

आमचा संच आता पुणे केंद्र लावला की खोलीभर ऐकू येतो, बटण पावभागही फिरवावे लागत नाही. निवेदिकेचा श्वास ऐकू येतो. पेटीच्या एका खालच्या स्वराला किंचित थरथर अजून आहे, ती बहुधा कडेच्या कसर लागलेल्या भागातून येते. पावसाळा संपल्यावर पुन्हा उघडून पाहीन. झडप बंद करण्यापूर्वी रेडिओच्या खोक्याच्या आतल्या फळीवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: स्पीकर ३ ओहम, ट्रान्सफॉर्मर ४२ला १, मूळ स्पीकर उपलब्ध नव्हता, बदललेल्याचा महिना आणि वर्ष.